प्रसाद मोजला नव्हता

आमच्या मुलीला सहा वर्षं पूर्ण झाली तरी ती एक शब्द बोलली नव्हती. ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी तिच्या तिसऱ्या वर्षीच सांगितलं होतं. आठवड्यातून दोनदा आम्ही तिला तळेगावला वाचा-उपचारांना नेत असू. तिथं ती चित्रावर बोट ठेवून पाणी मागायला शिकली, पण तोंडातून काही येईना.

गेल्या पावसाळ्यानंतर कोणीतरी लोणावळ्यातल्या एका आहारसल्लागार बाईंचं नाव सुचवलं. बाई आत्मविश्वासानं बोलत. मुलीचं आरडाओरडा करणं, हात फडफडवणं, न बोलणं, सगळं पोटातून येतं म्हणाल्या. दूध, गहू, पाकिटातलं काहीही आणि मुख्य म्हणजे खायचे रंग पूर्ण बंद. आधी पोट बरं होऊ द्या, तोवर वाचा-उपचार थांबवा, नाहीतर मुलीवर ताण येतो.

रंगाचं मला पटलं. काही मुलं रंगीत गोळ्या खाल्ल्यावर जास्त चळवळ करतात असं मी वाचलं होतं. न बोलण्याशी त्याचा काय संबंध, हे मी विचारलं. बाई म्हणाल्या, बघाल तुम्हीच.

कान्हे गावातल्या आमच्या घरात आम्ही चौघं. मी उर्स्याजवळच्या कारखान्यात तपासणी विभागात, बायको लोणावळ्याच्या एका हॉटेलात हिशेब सांभाळते. दिवसभर मुलगी माझ्या थोरल्या बहिणीजवळ, म्हणजे अक्काजवळ असते. त्या रविवारी मी दोघींना समोर बसवून काय चालेल, काय नाही ते सांगितलं. बायको लोणावळ्याहून आणायची ती गुलाबाची चिक्की बंद झाली. फळीवरचे बिस्किटांचे पुडे मी शेजारी देऊन टाकले. अक्कानं मान डोलावली. "न्हाई देणार बाबा, तू म्हणशील तसं," ती म्हणाली.

मुलगी तांदळाची भाकरी आणि वरण यावर राहिली. दूध तिला फार आवडायचं, ते मागायला ती कपाट दाखवून रडायची. वजन दोन किलोनं उतरलं. पण संक्रांतीनंतर फरक दिसू लागला. तिचं किंचाळणं कमी झालं, ती हाकेला वळून बघायला लागली. मी बाईंना फोन करून आभार मानले. कारखान्यात ज्यानं ज्यानं विचारलं त्याला सांगितलं की आहारानं गुण येतो.

चैत्रात एकदा कारखान्यातली लाइन बंद पडली म्हणून मी दुपारीच घरी आलो. गाडी रस्त्यावरच लावली आणि चालत आलो, म्हणून कोणाला चाहूल लागली नाही. अक्का पायरीवर मूठ मिटून बसली होती. मुलगी तिची बोटं एकेक करून उलगडू बघत होती आणि अक्का ती पुन्हा मिटत होती.

"दे," मुलगी म्हणाली.

स्वच्छ म्हणाली. मी कुंपणाला धरून उभा राहिलो. माझ्या मुलीचा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि मला वाटलं की जगातही तो पहिल्यांदाच उमटतो आहे.

तेवढ्यात अक्का म्हणाली, "आज लय लवकर म्हणलीस गं. कालच्यावानी रडली न्हाईस."

मूठ उघडली. तळहातावर गुलाबी आणि पिवळे साखरफुटाणे होते.

मी आत गेल्यावर अक्का दचकली, पण लपवलं काहीच नाही. ती मुलीसाठी गावच्या देवीला नवस बोलली होती. रोज सकाळी देवळात जायची, पुडी ठेवायची, त्यातला प्रसाद मुलीला द्यायची. पहिल्यापासून. मी आहार सांगितला त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

"तुला नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"खाऊ नको म्हणलास. परसादाला कुणी खाऊ म्हणतं व्हय?"

तिला खरोखर तसंच वाटत होतं. मी सांगितलेल्या बंदीत प्रसाद येतो हे तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि तो वेगळा सांगायला हवा हे माझ्या. आमच्याकडे प्रसादाला कोणी नाही म्हणत नाही. मीही आजवर म्हटलेलं नाही.

म्हणजे ज्या महिन्यांना मी रंगाशिवायचे महिने समजत होतो, त्यातला एकही दिवस रंगाशिवायचा नव्हता.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, म्हणूनच पूर्ण गुण आला नाही, आता पहिल्यापासून सुरुवात करा. मी म्हटलं, रंग खातानाच ती बोलायला लागली. तर म्हणाल्या, रंग नसता तर याहून जास्त बोलली असती. ज्या मापकात प्रत्येक नग पास होतो तो मापक आम्ही कारखान्यात काढून टाकतो. मी फोन ठेवला. त्यांच्या सांगण्यावरून मुलीचे वाचा-उपचार सहा महिने बंद होते.

देवीमुळे झालं हे अक्काचं म्हणणंही मी मानत नाही. ती मूठ मिटून वाट बघत बसायची, त्यानं झालं असेल. वयानं झालं असेल. मला माहीत नाही.

बाईंनी फसवलं, ते एका परक्या माणसानं फसवणं होतं. बायको संध्याकाळच्या लोकलनं आली. मी तिला सांगितलं, मुलगी 'दे' म्हणते. तिला आश्चर्य वाटलं नाही. तेव्हा मला कळलं.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

ती पिशवीतली भाजी काढत राहिली. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही पुड्या बंद केल्या असत्या. तिचा शब्द पण बंद पडला असता."

मी केल्या असत्या. ते खरं आहे. पण दोन-अडीच महिने रोज संध्याकाळी मी या घरात जेवलो, आणि माझी मुलगी बोलते हे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तळेगावला फोन करून वाचा-उपचारांची वेळ घेतली. मुलीला दूध दिलं, तिनं वाटी चाटूनपुसून संपवली. अक्काशी मी बोललो नाही.

रविवारी अक्काच्या पुडीतला एक गुलाबी फुटाणा घेऊन मी पायरीवर मूठ मिटून बसलो. मुलगी आली. तिनं माझी बोटं एकेक करून उलगडली. मी वाट बघितली. ती काही बोलली नाही. फुटाणा उचलून ती आत गेली, अक्काच्या तळहातावर ठेवला, तिची बोटं आपल्या हातांनी मिटली आणि म्हणाली, "दे."

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी माझा हात बघत होतो. घामानं रंग सुटून तळहाताला लागला होता.