समुद्राच्या वाटेवरचा वाघ

हा किस्सा मी स्वतःहून सांगतोय, कारण मी नाही सांगितला तर आमची बायको सुषमा सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते. चहा घ्या आणि ऐका.

माझी आई नागपूरजवळच्या खाप्याची. सत्तर वर्षांत तिने पाणी पाहिलं ते कन्हान नदीचं. तिची एकच इच्छा, समुद्रात बुडणारा सूर्य पाहायचा. म्हणून नागपूरहून दोन दिवस गाडी हाकत आम्ही कोकणात गेलो. रजा संपत आलेली, हाताशी एकच संध्याकाळ. हमरस्त्याने गेलो असतो तर तासभर आधीच किनारा गाठला असता. पण मला हौस! म्हटलं, जंगलातून जाऊ, आईला झाडी दाखवू.

आता जंगल म्हटलं की मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. पेंचला नऊदा जाऊन आलोय. नऊही वेळा वाघ दिसला नाही, ते सोडा. नियम सगळे पाठ आहेत.

समुद्र दोन किलोमीटर राहिला आणि एका वळणावर मी करकचून ब्रेक दाबला. पुढे करवंदाच्या जाळीत पिवळं तोंड, काळे पट्टे, डोळे थेट आमच्याकडे.

"काहून थांबला रे?" आईने विचारलं.

"आई, चूप राय. वाघ आहे."

"मंग जाऊ दे ना त्याले. मले सूर्य पाहाचा आहे."

"तो गेल्यावर आपण जाऊ. काच खाली करू नको."

मी गाडी बंद केली. तेवढ्यात वर माकडं ओरडली. "पाहा, वॉर्निंग देऊन राहिले," मी कुजबुजलो.

मागून पुण्याची एक गाडी आली. मीच काच चार बोटं खाली करून तिला थांबवलं. मग आणखी एक आली, तिलाही. मोटारसायकलवरचं एक जोडपं घाबरून त्या पुणेकरांच्या गाडीत जाऊन बसलं. कोणीतरी म्हणालं, "नागपूरची गाडी आहे, त्यांना कळतं यातलं." खोटं कशाला बोलू, भीतीतही माझी छाती फुगली.

वीस मिनिटं झाली. झाडांतून येणारं ऊन पिवळ्याचं तांबडं व्हायला लागलं. आई त्या उन्हाकडे बघत होती, वाघाकडे नाही. माझा जीव तुटत होता. पण मागे सरकायचीही सोय उरली नव्हती, ती मीच घालवली होती.

"अहो, तो हालून नाही राहिला," सुषमा म्हणाली.

"तेच त डेंजर असते. झेप घ्याच्या आधी असाच बसते."

"पापणी बी नाही हालवून राहिला."

"तुले काय समजते वं वाघातलं?"

मग समोरून एक म्हातारी आली, हातात तेलाची बाटली. तिन्ही गाड्यांतून हातवारे सुरू झाले. ती आपली चालतेच आहे. सरळ जाळीत शिरली. मी डोळे मिटून घेतले.

सुषमाने मला हलवलं. डोळे उघडले, तर म्हातारी पदराने वाघाचं तोंड पुसत होती. त्याच्यापुढच्या पणतीत तिने तेल घातलं, हात जोडले आणि आमच्या काचेशी आली.

"गाडी बंद पडली काय?"

"नाही, तो... वाघ..."

"आमचो वाघदेव तो. सिमेंटाचो. परवाच नवो रंग दिलो हा. पाया पडूचा असात तर उतरा."

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवला, चांगला लांब.

गाडी पळवली हो, पण सूर्य काही माझ्यासाठी थांबला नव्हता. पाण्यावर एक तांबडी रेघ होती, तीही विझत आलेली. आई वाळूत नुसती उभी राहिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मला खरंच रडू येत होतं.

नागपूरला परतलो त्याच दिवशी शेजारच्या काकू आल्या. "काय वं, पाहिला का सूर्य?"

"सूर्य त नाही सापडला, माय," आई शांतपणे म्हणाली. "पण पोरगा माहा लई हुशार. लोक वाघ पाहाले पेंचले जातेत, यानं मले कोकणात नेऊन दाखवला. दोघंबी अर्धा तास जागचे हालले नाहीत."