मामीनं घेतलेलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईलाही नाही, आणि आई तर मामांची सख्खी बहीण.

मी भंडाऱ्याची. फोनवरून डॉक्टर गाठून देणाऱ्या एका सेवेचं रूप मी घडवलं — रंग, बोधचिन्ह, कुठलं बटण कुठे, सगळं. ‘नुसतं बोला’ हे घोषवाक्यही माझंच. वाचता न येणाऱ्यानं फोनशी बोलावं, की डॉक्टर समोर. फोन आधी रुग्णाचं नाव विचारायचा. डॉक्टरनं माणसाला नावानं हाक मारावी, हा माझा हट्ट. काय वाईट होतं त्यात?

चाचणीसाठी सिहोऱ्याला मामीकडे गेले. मामी अंगठेबहाद्दर, पण भारी हुशार. म्हटलं, समज मामांना बरं नाही, बोलाव डॉक्टर. तर ती पदर तोंडाला लावून हसतच बसली. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? चाळीस वर्षांत उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मला घाई होती — हो, निव्वळ घाई. वाकून मीच फोनमध्ये मामांचं नाव बोलले. आणि अहवालात लिहिलं — कुणाच्याही मदतीशिवाय जमलं. आणि वर, निघताना बजावलं, मामी, काहीही झालं तरी आधी हेच उघडायचं.

तिनं ऐकलं. रोवण्याचे दिवस, शेजारपाजार सगळा शेतावर, धानाच्या बांध्यांमध्ये. घरात मामांचं तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. मामी फोनला सांगत राहिली — आमचे हे, पोरीचे बाबा. फोन म्हणत राहिला, नाव समजलं नाही, पुन्हा बोला. किती वेळ? ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी तिनं नाव घेतलं. डॉक्टर दिसला, गाडी आली, मामा वाचले. उजवा हात मात्र आता उठत नाही.

दवाखान्यात मामी मला धरून रडली. “मलेच नाई जमलं पोरी. तू तं बराबर शिकवलं होतं. मीच लाजत राहिली.”

आणि मी — मी म्हटलं, “जाऊ दे मामी, होतं असं.”

नावाची अट मी दुसऱ्याच दिवशी काढली. अर्ध्या तासाचं काम होतं.

मामी आता मामांना घास भरवते. कुणी आलं की कौतुकानं सांगते, भाचीनं शिकवलं म्हणून हे वाचले. मी तिथेच बसलेली असते, तिनं वाढलेलं जेवत.