दिवसातून चार वेळा, हलक्या हाताने

काकूंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या खणात पूर्वी चमचे असत. आता तिथे ट्यूबा असतात. निळ्या झाकणाची थंड पडणारी, लाल झाकणाची भाजणारी, 'बिनवासाची' म्हणून आणलेली आणि सगळ्यांत जास्त वास मारणारी. शिवाय तीन-चार अशा, ज्यांची शेपटी कात्रीने कापून आतलं शेवटचं बोटभर मलमही काढून घेतलंय. दुसऱ्यांकडे जाताना लोक फळं नेतात, काकूंकडे येताना मलम आणतात. आणि देताना झाडून सगळे एकच वाक्य बोलतात, "ही लावून बघा, आमच्या ओळखीत एकाला खूप फरक पडला." हा एक कोण, ते काकूंना आजतागायत कळलेलं नाही. भेटला तर त्याला चार शब्द सुनवायचं त्यांनी ठरवून ठेवलंय.

दुखतो तो उजवा खांदा. काकू एका मोठ्या लाँड्रीत कामाला आहेत. हॉटेलांचे कपडे तिथे गठ्ठ्यांनी येतात. चादरी रोलरमधून सरळ होऊन निघतात, पण उशांचे अभ्रे प्रेसवरच करावे लागतात आणि प्रेस काकूंकडे. खाली गादी, वर तापलेली जड पाटी. अभ्रा पसरायचा, दांडी धरून पाटी खाली ओढायची, वाफ सोडायची, जरा दाबून धरायची. सोडली की पाटी आपोआप वर जायला हवी. पण 'हवी' एवढंच म्हणायचं, कारण मागची स्प्रिंग ढिली पडली आणि पुढची अडीच वर्षं पाटी जागची हलली नाही. ती काकू उचलत. दिवसाला पाचशे अभ्रे असले तर पाचशे वेळा उचलत.

त्यांनी सांगितलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. पहिल्याच आठवड्यात सांगितलं, नंतर महिन्या-महिन्याला सांगितलं, पुढे जाता-येता सांगितलं. मॅनेजर साहेब तोंडाचे फार गोड. "फिटरच्या कानावर घालतो हं काकू," असं ते अशा आपुलकीने म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं आज संध्याकाळपर्यंत होऊनच जाईल. फिटरचे कान कुठल्या गावाला गेले होते देव जाणे. दीड वर्ष असं गेलं आणि मग एक दिवस साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. भिंतीवर स्क्रूने पक्की केलेली एक पंपाची बाटली होती, तिच्यावर रिबन. आत दुखण्यावरचं जेल. "कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी!" साहेब म्हणाले. फोटो निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काकूंनीही वाजवल्या, जेवढा हात उचलला तेवढ्या.

जेल वाईट होतं असं माझं म्हणणं नाही. लावल्यावर तासभर बरं वाटे, खांद्यातली कळ जरा मागे सरके. पण ज्या हाताने पाटी उचलून खांदा दुखतो, त्याच हाताने पुन्हा पाटी उचलायची म्हटल्यावर बिचाऱ्या जेलने तरी काय करावं? जेल आपलं काम करत होतं. काम करत नव्हते ते मॅनेजर साहेब.

लाँड्रीने ठरवून दिलेला एक डॉक्टर होता. काकू त्याच्याकडे गेल्या. त्याने खांद्याला दोन बोटं लावली आणि लिहायला घेतलं. "जेल दिवसातून चार वेळा, हलक्या हाताने लावा. उष्णतेपासून जपा. आणि हात वर उचलायचा नाही."

"माझं कामच ते आहे," काकू म्हणाल्या. "तापलेल्या मशीनपाशी उभं राहायचं आणि हात वर उचलायचा."

डॉक्टरने मान वर केली नाही. "मग जेल तरी नियमित लावा," तो म्हणाला.

काकू बाहेर आल्या त्या धुमसतच. घरी येऊन त्यांनी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. काका निवृत्त बसड्रायव्हर, बोलणं कमी. त्यांनी ऐकून घेतलं आणि कंगवा हातात घेतला. कारण गेलं वर्षभर काकूंचे केस काकाच बांधत. काकूंचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. काका केस असे वळवत, की जणू मोठी गाडी अरुंद बोळातून काढताहेत, आणि बांधून झालं की एक पाऊल मागे येऊन दोन्ही बाजूंनी बघत. अंबाडा रोज डावीकडे कलायचा. कामावरच्या बायका हसत, काकूही हसत. पण रोज सकाळी पाठमोरं बसून, दुसऱ्याच्या हातात डोकं देऊन थांबायचं याची त्यांना मनातून भयंकर चीड होती. त्यांना दुसरं काही नको होतं. आपले केस आपल्या हाताने बांधता यावेत, एवढंच हवं होतं.

लाल झाकणाची ट्यूब नणंदेने आणली होती. मिरचीच्या अर्काची. काकूंनी ती सकाळी चोळली आणि कामावर गेल्या. प्रेसची वाफ अंगावर आली आणि खांदा असा पेटला, की त्या अभ्रा तसाच टाकून नळाकडे धावल्या. लाँड्रीच्या नळाला पाणी गरमच येतं. ते ओतलं आणि दुप्पट भडका उडाला. ट्यूबच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, 'लावल्यावर उष्णता टाळा.' काकूंनी तो कागद चहाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवला. बायका हसून हसून वाकल्या. वाफेच्या ढगात बसून त्यांनी तो कागद ऐकला, आणि भोंगा झाल्यावर पुन्हा वाफेत गेल्या.

मग अभ्र्यांची तक्रार आली. हॉटेलच्या खोल्यांची व्यवस्था बघणाऱ्या मुख्य बाई स्वतःच गठ्ठा घेऊन आल्या. उशीला दवाखान्याचा वास येतो, असं पाहुणे म्हणत होते. येणारच! जेल लावून हात धुवायचा तर नळ शेडच्या दुसऱ्या टोकाला, आणि मशीन सोडून गेलं की सुपरवायझर ओरडतो. काकू हात एप्रनला पुसत आणि तोच हात अभ्र्यावर. वरून तापलेली पाटी बसली की वास कापडात मुरे.

साहेबांनी अभ्रा हुंगला. नाक मुरडलं. "काकू, हे तुमचं मलम," ते म्हणाले. "आजपासून ड्युटीवर मलम बंद. आणि ही बाटलीही नको." त्यांनी ऑफिसातून स्क्रूड्रायव्हर आणला, आणि स्वतःच्या हाताने भिंतीवरचे स्क्रू काढायला लागले.

तो स्क्रूड्रायव्हर बघितला आणि काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अडीच वर्षं या इमारतीत एक हत्यार मिळालं नव्हतं, एक माणूस मिळाला नव्हता. आणि आज बाटली काढायला दोन मिनिटांत दोन्ही मिळाली!

"साहेब, ती राहू द्या. आधी इकडे या," काकू म्हणाल्या. आवाज एवढा चढला होता, की रोलरवरच्या बायकांचे हात थांबले. "ही पाटी वर करा."

"काकू, पाहुण्यांसमोर काय हे..."

"पाहुण्यांसमोरच करा. त्यांचेच अभ्रे आहेत. मी रोज पाचशे वेळा करते, तुम्ही वीस वेळा करा."

साहेब हसले. हॉटेलच्या बाई हाताची घडी घालून बघत होत्या, म्हणून त्यांना मागे फिरता येईना. त्यांनी दांडी धरली. पहिले पाच झटपट झाले. आठव्याला हसू गेलं. अकराव्याला त्यांनी दुसरा हात लावला. चौदाव्याला पाटी अर्ध्यावरच राहिली आणि साहेब खांदा धरून उभे राहिले.

काकूंनी एप्रनच्या खिशातून निळ्या झाकणाची ट्यूब काढली आणि साहेबांच्या हातात ठेवली. "दिवसातून चार वेळा," त्या म्हणाल्या. "हलक्या हाताने."

हॉटेलच्या बाईंनी गठ्ठा उचलला. "हे मशीन नीट होईपर्यंत आमचे अभ्रे इथे येणार नाहीत," एवढं बोलून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटर हजर! काकूंच्या खांद्यासाठी जो अडीच वर्षांत आला नाही, तो हॉटेलच्या उशांसाठी एका रात्रीत आला. त्याने मागचं झाकण काढलं, जुनी स्प्रिंग सोडवली, नवी बसवली, तेल दिलं. काकू भिंतीवरच्या घड्याळाखाली उभ्या होत्या. वीस मिनिटं लागली.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच होतं हो," फिटर म्हणाला. "मला आधी कुणी सांगितलंच नाही."

काकूंनी दांडी ओढली आणि सोडली. पाटी दोन बोटांच्या इशाऱ्याने वर गेली. बायकांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. काकूंना मात्र एवढा संताप कधीच आला नव्हता. इतके दिवस वाटत होतं, काहीतरी फार अवघड काम असेल, म्हणून होत नसेल. त्यांनी जुनी स्प्रिंग कचऱ्यातून उचलली, एप्रनला पुसली आणि पिशवीत टाकली.

त्याला आता चार महिने झाले. पाटी वर जाते. काकूंचा हात अजून कानाच्या वर जात नाही. एका वेगळ्या डॉक्टरने खांदा नीट हलवून बघितला आणि म्हणाला, "सांधा आखडलाय, फार उशीर केलात." 'केलात' या शब्दावर काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो गडबडून पुढचं लिहायला लागला. अंबाडा अजून काकाच बांधतात आणि तो अजून डावीकडेच कलतो.

परवा नणंद आली, अर्थात नवी ट्यूब घेऊन. ठेवायला म्हणून तिने खण उघडला, तर ट्यूबांच्या मधोमध ही गंजलेली स्प्रिंग.

"अगं वहिनी, हे काय ठेवलंयस औषधांत?"

काका कंगवा हातात घेऊन मागे उभे होते. काकूंनी मान न हलवता सांगितलं, "औषध हे होतं गं. ते सोडून बाकी सगळं लावलं मी."