उजेडाचा कार्यक्रम

"सर, उजेड किती वाजता निघंल?" आष्टीकडच्या एका गावाचे सरपंच फोनवर विचारत होते. "पाहुणे अकराला येऊन राह्यले. त्याच्या आधी सोडू नका."

मी फिरत्या विज्ञान व्हॅनवर डेमॉन्स्ट्रेटर आहे. म्हणजे शाळाशाळांत जाऊन प्रयोग दाखवायचे. माझ्याकडे होता फक्त एक व्हिडिओ. त्यात लेझरचा उजेड बाटलीतून सरकताना दिसतो. तो टिपणारा अल्ट्रा-हाय-स्पीड कॅमेरा परदेशातल्या लॅबमध्ये. हे मी घसा कोरडा करून सांगितलं होतं. तरी वेशीवर फ्लेक्स लागलाच: 'उजेड चालताना प्रत्यक्ष पाहा'. अर्धं गाव घरून बाटल्या घेऊन आलेलं. एका आजींनी तर गोडेतेलाची आणली होती. "याच्यातून बी सोडा. बघू अडकतो का."

मुख्याध्यापिका कांबळे मॅडम गेटवरच भेटल्या. "सर, आज घोळ घालू नका. शाळेला लॅब नाही. ग्रामपंचायतीची बंद खोली किती दिवसांपासून मागतेय. कार्यक्रम आवडला तर सरपंच आजच किल्ली देणार. नाही तर तिथं जिम होतेय."

आधी सत्कार. सरपंचांनी मला शाल घातली.

"फ्लॅश पडला न्हाई," फोटोवाला बंडू म्हणाला.

शाल काढली, परत घातली. या वेळी फोटोच्या मधे पाहुणे आले. तिसऱ्यांदा घातली. जीव उकडून निघाला, पण हसत उभा राहिलो. करता काय?

मग व्हिडिओ लावला. उजेड बुडापासून बुचाकडे हळूहळू सरकला. "आयला, चाललाय की," मागून कोणीतरी म्हणालं. सरपंच खूश. तिथंच गप्प बसायचं, तर मला कुठली अक्कल.

"हा एकाच उजेडाचा फोटो नाही," मी म्हणालो. "बाटली ओलांडायला त्याला सेकंदाचा अब्जावा भाग लागतो. एका खेपेत सगळं सापडत नाही. म्हणून लेझर पुन्हा पुन्हा मारतात, दर वेळी थोडं थोडं टिपतात आणि मग जोडतात."

"म्हंजे जोडकाम?" सरपंच उठलेच. "लोकायला बनवून राह्यले का तुम्ही? मंग आपली जिमच बरी."

मॅडमचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काही बोलायच्या आत त्यांनी माईक घेतला.

"सरपंच साहेब, सरांचे सत्कार किती झाले?"

"एकच की."

"शाल तर तीनदा घातली."

"ते फोटोसाठी. एका टायमाला बराबर येत न्हाई ना."

"त्या लॅबवाल्यांचं तेच झालं."

"मंग खरंय त्यांचं," सरपंच म्हणाले, आणि खिशातून किल्ली काढून मॅडमच्या हातात दिली. टाळ्या झाल्या.

"मॅडम, तुमचे डोळे मिटले," बंडू म्हणाला. "किल्ली द्या साहेबांकडं, परत घेऊ."

मॅडमनी किल्ली मुठीत धरली. "डोळे मिटलेलाच फोटो राहू द्या," म्हणाल्या आणि तडक कुलूप उघडायला निघाल्या.

इतकी वर्षं मी प्रकाश शिकवतोय. पण हातात आलेली खोली रिटेकसाठी परत द्यायची नसते, हे त्या दिवशी मॅडमकडून शिकलो.