गुरुजींची गाडी आणि लहानूचा जॉइंट

गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात किस्से का साठतात, याचा मी वीस वर्षांत शोध लावलाय. पंक्चरवाल्याकडे माणूस दहा मिनिटं थांबतो. आमच्याकडे फॉल्ट सापडेपर्यंत बसून राहतो, आणि बसलेला माणूस बोलल्याशिवाय राहत नाही! जव्हारच्या स्टँडजवळ माझं दुकान आहे, दुकानापुढे एक बाक आहे, आणि त्या बाकावर तालुक्यातलं सगळं येऊन पडतं.

फक्त माझ्या किश्श्यांत एक गडबड आहे. निम्म्यांचा हिरो मी नाही, लहानू आहे. लहानू मोखाड्याकडच्या पोशेऱ्याचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. चौदा वर्षं माझ्याकडे वायरमन होता. आता तो येत नाही, आणि तो येत नाही याला कारण मी आहे. चारचौघांत सांगताना मी शेवटचे किस्से गाळतो. आज नाही गाळणार.

*

मुंबईचा एक तरुण दाभोशाचा धबधबा बघायला आला होता. गाडीचा इंडिकेटर लावला की मागचे सगळेच दिवे मिणमिणायचे. त्याने गाडीला कसलंसं यंत्र लावलं, मोबाइलवर रंगीत आलेख काढले आणि आम्हाला समजावलं, "सेन्सरचा प्रॉब्लेम आहे. तुमच्याकडे नाही होणार, कंपनीतच न्यावी लागेल."

मीही मान हलवली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण न कळल्यासारखं तोंड करणं मला जमत नाही.

लहानू बिडी विझवून पुढे झाला. मागच्या दिव्याचं कव्हर उघडलं. आत कुंभारमाशीने मातीचं छान घर बांधलेलं! त्याने ते अलगद काढून त्या तरुणाच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "हिचा नंबर नसंल दादा तुझ्या मोबाइलात!"

लहानू सगळ्यांना 'तू'च म्हणायचा. साहेब असो नाहीतर सासरा.

*

मग आली भोये गुरुजींची गाडी.

गुरुजी आणि सुमनबाई, दोघंही शाळेतून निवृत्त. जन्मभर बदल्यांवर फिरले, पण जव्हार-मोखाड्याबाहेर कधी गेले नाहीत. म्हणून गुरुजींनी एक जुनी मोठी व्हॅन घेतली, तिच्यात पलंग, पंखा, छोटा फ्रीज, छपरावर सोलर, असं सगळं आधीच्या मालकाने केलेलं. कन्याकुमारीपर्यंत जायचं ठरलं.

गाडी दुकानापुढे उभी राहिली आणि तासाभरात बाहेर रांग लागली. पांढरी गाडी, आत पलंग! लोकांना वाटलं फिरता दवाखाना आला. जामसरची एक म्हातारी तर दंडावरचं लुगडं सरकवून आत चढली. गुरुजी म्हणाले, "आजी, दवाखाना नाही, हे आमचं घर आहे."

म्हातारीने चारी बाजूंनी पाहिलं. "घर हाय? मंग चूल कुठंय?"

गुरुजींनी फ्रीजकडे बोट दाखवलं. सुमनबाई मात्र पोट धरून हसल्या.

*

दुखणं असं होतं. या गाड्यांना बॅटऱ्या दोन. पुढची इंजिनासाठी, मागची घरासाठी. गुरुजींची मागची बॅटरी चार-पाच तासांत झोपायची, की फ्रीज बंद. आणि फ्रीज काही कोल्ड्रिंकसाठी नव्हता. सुमनबाईंना रोज इन्सुलिन लागायचं. फ्रीज चालला तर कन्याकुमारी, नाहीतर जव्हार, इतका साधा हिशोब होता.

गुरुजी दोन्ही बॅटऱ्यांची सकाळ-संध्याकाळ हजेरी घ्यायचे. वहीत व्होल्ट लिहून आणायचे, खाली शेरा. पुढचीला 'नियमित'. मागचीला 'लक्ष नाही, पालकांना भेटणे.'

"पालक कोण, गुरुजी?" मी विचारलं.

"तुम्हीच!"

*

पहिल्यांदा मी सोलर बघितला. उन्हाळ्याचे दिवस, आभाळात ढग नाही, आणि गुरुजींच्या वहीत सोलरचा करंट नावाला. कंट्रोलर बदलला. वायर बदलली. दुकानात ठीक, घरी नेली की तेच. मी गुरुजींना आंबेडकर जयंतीपासून महाराष्ट्र दिनापर्यंत हेलपाटे घालायला लावले.

शेवटी लहानू म्हणाला, "शेठ, आपण गाडी दुकानात बघतो. गाडी राहते कुठं, तिथं बघू."

दुपारी बाराला आम्ही गुरुजींच्या दारात. गाडी उन्हात, जशी हवी तशी. लहानू शिडीने छपरावर चढला आणि वरूनच हसायला लागला. सबंध पॅनेलवर नागलीचे पापड वाळत घातलेले!

सुमनबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना, गावात सगळ्यात जास्त ऊन तिथं लागतं?"

म्हणालो होतो खरं. पापड मात्र झकास झाले होते, आम्ही दोघांनी ते तिथेच भाजून खाल्ले.

*

पापड उतरले, तरी नुसत्या सोलरवर फ्रीजचं भागेना. मग ठरलं, की गाडी चालताना डायनमोचा करंट मागच्या बॅटरीलाही द्यायचा. म्हणजे इंजिनापासून मागेपर्यंत जाड वायर, मध्ये रिले आणि फ्यूज.

ते सगळं अवघड काम लहानूने केलं. गाडीखाली पाठीवर झोपून, वायरला कुठे घासू नये म्हणून पाइप चढवून, दीड दिवस. मधला एक जॉइंट त्याने इतका सुंदर केला, की मी त्याचा फोटो काढला. मी काय केलं? मागच्या बॅटरीची निगेटिव वायर चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, आवळली. एक बोल्ट. गुरुजींनी गंजू नये म्हणून गाडीला खालून नुकताच रंग मारून घेतला होता, त्यामुळे जागा स्वच्छ होती. दोन मिनिटांचं काम. हात झटकले आणि गुरुजींना म्हणालो, "जा आता बिनधास्त!"

ते गेले. त्र्यंबकच्या पलीकडे फ्रीज बंद पडला. इन्सुलिन गरम झालं, टाकून द्यावं लागलं, आणि दोघं वाटेतून परत आले. सुमनबाई दुकानात आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता, तरी म्हणाल्या, "नुकसान काही नाही हो. दुधाचं दही झालं, कढी केली."

मला ती कढी अजून पचलेली नाही.

*

नेमका तो बाजाराचा दिवस. बाकावर जागा नाही, दुकानापुढे वीस-पंचवीस माणसं, मोखाड्याचे दोन जीपवाले, सगळे ओळखीचे. गुरुजी रागावले नव्हते. ते नुसतं म्हणाले, "पालक, मुलगा पुन्हा नापास झाला."

लोक हसले. आणि मला ते झोंबलं. वीस वर्षांचं नाव, आणि माझ्या दारात माझ्यावर हसतात!

मी गाडीखाली वाकलोसुद्धा नाही. लहानूकडे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "जॉइंट ह्याचा आहे! शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाच्या हातात अशी गाडी दिली, ही चूक माझी!"

लहानू हळूच म्हणाला, "शेठ, एकदा निगेटिव बघूया का?"

"तू मला शिकवू नको!"

त्याने टेस्टर पुसला, नेहमीच्या खिळ्याला अडकवला. साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. पिशवी घेतली आणि मोखाड्याच्या जीपमध्ये जाऊन बसला. मला वाटलं, उद्या येईल. चौदा वर्षांत तो दोनदा रुसला होता, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी आला होता.

*

लहानूचा जॉइंट मी स्वतः तोडला. आतून चकचकीत, कुठे काळा डाग नाही. तरी तोडलाच आहे तर नवा केला. मग नवीन रिले घातला, नवीन फ्यूज घातला. मागची बॅटरी जागची हलेना.

दोन-तीन आठवड्यांनी, दुकानात कोणी नसताना, मी फ्रीज लावून इंजिन सुरू ठेवलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिववर ठेवली, दुसरी चेसिसवर. तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं. दीड व्होल्ट दिसले! म्हणजे येणारा करंट परतीच्या वाटेवरच अडत होता.

मी बोल्ट उघडला. खाली गुरुजींचा नवा रंग, जसाच्या तसा, गुळगुळीत. मी रंगावरच वायर आवळली होती. शिकाऊ पोरालासुद्धा आम्ही पहिल्या दिवशी सांगतो, की अर्थिंगच्या जागी पत्रा घासून उघडा कर. घासायला अर्धं मिनिट लागतं. मी घासलं, बोल्ट आवळला, आणि मागची बॅटरी चार्ज व्हायला लागली.

गुरुजी आले. मीटर बघून एवढे खूश झाले की त्यांनी वहीत 'उत्तीर्ण' लिहिलं. मग विचारलं, "शेवटी दोष कशात निघाला?"

आता बघा, दुकानात आम्ही दोघंच होतो. तिसरं माणूस नव्हतं. तिथे सांगायला काय जात होतं माझं?

मी म्हणालो, "जॉइंटच होता, गुरुजी."

*

गुरुजी आणि सुमनबाई कन्याकुमारीला जाऊन आले. समुद्रापुढे उभ्या असलेल्या सुमनबाईंचा फोटो त्यांनी मला पाठवला. मीही तो बाकावर बसलेल्या प्रत्येकाला दाखवला. गुरुजी सज्जन माणूस, पण गोष्ट सांगायची हौस मोठी. जिथे प्रवासाची गोष्ट, तिथे लहानूच्या जॉइंटची गोष्ट! शिक्षकांच्या पतसंस्थेत, चहाच्या टपरीवर, मोखाड्याच्या एका लग्नात.

मला कळायचं, आणि मी स्वतःलाच सांगायचो: आता आवणीचे, भातलावणीचे दिवस आहेत, लहानू शेतात असेल, नंतर जाऊ. मग गणपती. मग दसरा. दसऱ्याला आम्ही हत्यारं पूजतो. खिळ्यावरचा त्याचा टेस्टर मी काढला, हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि परत अडकवला. एवढं केलं की मन मोकळं होईल, असं वाटलं होतं. झालं नाही.

दिवाळीनंतर पोशेऱ्याचा जीपवाला हॉर्न करायला माझ्याकडे आला. मी सहज म्हणालो, "लहानू गावातच आहे ना? हॉर्नसाठी एवढ्या लांब कशाला आलास?"

तो म्हणाला, "त्याला आता कोण वायरिंगला हात लावू देत नाय शेठ. सगल्यांना म्हायती हाय ना, तुमच्याकडं त्यानं काय केलं ते."

मी त्याचा हॉर्न केला आणि शटर ओढलं.

*

दुसऱ्या दिवशी पोशेऱ्याला गेलो. लहानू घराजवळच्या खळ्यावर नागली झोडत होता. मला बघून थांबला. बायकोला आत सांगून चहा ठेवायला लावला, पोतं झटकून बसायला दिलं. तब्येत विचारली, दुकानाचं विचारलं, सुमनबाईंची साखर कशी आहे तेही विचारलं. मला तर त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चहा निम्मा झाला आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बोल्ट. रंग. दीड व्होल्ट. गुरुजींना काय सांगितलं तेही. म्हणालो, "लहानू, चूक माझी होती. तुझा जॉइंट एक नंबर होता. माझं चुकलं, मला माफ कर. उद्यापासून दुकानात ये."

तो ऐकत होता. खळ्यावर तो, मी आणि त्याच्या दोन कोंबड्या. त्याने कप खाली ठेवला, काठी उचलली आणि माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाला,

"मना तं ठावंच होता, शेठ. ज्यांना ठाव नाय, ती सगली मानसा बाजारात हायेत. तू खल्यावर कशाला आलास?"