न कापलेली सोळा पानं

आधी गयाबाई मावशींचं नाव लिहितो, मग बाकीचं. त्या रोज पेडगावहून परभणीला येऊन मी ज्यांच्याकडे काम करतो त्या सरांच्या घरची धुणीभांडी करतात. त्या नसत्या तर मी आज इथं नसतो.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. मूळचा देवगडचा, सातवीतून शाळा सोडलेली. जुनी पुस्तकं शिवून बांधणं एवढंच येतं. सरांकडे इंग्रजांच्या काळातल्या शिकारीची, व्यापाराच्या सफरींची दुर्मीळ इंग्रजी पुस्तकं आहेत. माझं काम त्यांच्याकडे, राहणंही त्यांच्याच पडवीत.

एका पुस्तकाची शेवटची सोळा पानं कुणी कधी उघडलीच नव्हती. पूर्वी पानं कडेला जोडलेलीच यायची, वाचणारा सुरीनं कापून वाचायचा. सरांनी बजावलं होतं — न कापलेल्या पानांनाच किंमत असते, ती तशीच राहू दे, हात लावू नकोस. आणि ते गावाला गेले.

एप्रिलचं ऊन. पुस्तकं चिकटवायची खळ लावेस्तोवर वाळत होती. आणि ती सोळा पानं ओली! बाकीचं पुस्तक कोरडं ठणठणीत. मावशी हसल्या, "काय रं कोकण्या, पाऊस संगं आणलास की काय?" पदरानं टिपून दिली. पुस्तक कपाटात बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. तिसऱ्या दिवशी मात्र मावशी हसल्या नाहीत... पानांना नदीच्या गाळाचा वास येत होता. सरांचा फोन लागेना. कागद कुजेल या भीतीनं मी पानं कापली.

सर आले ते भडकलेच. "पाणी सांडलंस आणि वर गोष्टी सांगतोस? सामान उचल."

पुरावा नाही, या गावात ओळखीचं कुणी नाही. जाणार कुठं?

मावशी हातातलं पातेलं ठेवून पुढं आल्या. "सर, कापायच्या आधीच वलं व्हतं. म्या टिपलंय तीन दिस. त्याला काढायलाव तर मलाबी काढा."

सरांनी पुस्तक हातात घेतलं. चष्मा लावून उभ्या उभ्याच ती पानं वाचायला लागले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "गोदावरी ओलांडताना होडी उलटली, असं लिहिलंय. साहेबानं वाघाची कातडी आणि मालाच्या पेट्या वाचवल्या. होडीवाला बुडाला... त्याचं नाव दिलेलं नाही."

सामान उचल, असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून पानं कोरडी आहेत. छत तपासलं, कपाट तपासलं — पाणी आलं कुठून, मला अजून सांगता येत नाही. सरांनाही नाही.

मावशी, तुम्हाला वाचता येत नाही, कुणाकडून तरी वाचून घ्या. तुमचं खरं कधी कुणी मानलं नाही, तर मी असेन तिथून येईन आणि तुमच्या शेजारी उभा राहीन.