खाजणात सोडलेलं पाणी

ये गं, जवळ ये. तेलाच्या कंपनीत मोठ्या खुर्चीवर बसतेस, आणि आजोबा कसे गेले हे मला लिफ्टमधून फोन करून विचारतेस? असं विचारतात का? म्हणून लिहून पाठवतेय. शेजारी बसल्यासारखी वाच, मध्ये "ओके, ओके" करू नकोस.

साठ सालानंतरची गोष्ट. अमिरात वगैरे काही झालं नव्हतं. देऱ्यात, म्हणजे इथल्या खाडीकाठच्या जुन्या वस्तीत, खजुरीच्या झावळ्यांच्या घरात आम्ही चौघं राहायचो. मी आणि हे, माझी नणंद म्हणजे तुझी दादी, आणि तुझे आजोबा. तुझा बाप दादीच्या पोटात होता.

हे रत्नागिरीकडे मालाच्या मचव्यावर तांडेल होते, मचवा हाकायचे. इथे तेल शोधणाऱ्या कंपनीत पाण्याचा टँकर चालवायला लागले. आजोबा त्याच कंपनीत, वाळवंटात पार आतल्या तळावर. तिथे तेल आहे की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. जमिनीत भोकं पाडायची, बार उडवायचे, आणि जमीन कशी हादरते ते गोऱ्यांच्या यंत्रावर उमटायचं. आजोबा त्याच्या वायरी पसरायचे. तळावर विहीर नाही. प्यायचं पाणी मागच्या मोठ्या तळावरून हेच न्यायचे. घरी आले की आजोबा यांना चिडवायचे, काय तांडेल, वाळूत भरती कधी आहे? हेही हसायचे.

त्या उन्हाळ्यात वारा असा सुटला की चाकांच्या जुन्या खुणा पुसल्या गेल्या. वाटेत खारी जमीन होती. वरून कडक पापुद्रा, खाली चिखल. अरब तिला सब्खा म्हणतात, मी म्हणते आपलं खाजणच. सगळे तिला वळसा घालायचे. यांना वळण कळलं नाही, आणि भरलेला टँकर त्यात रुतला.

आता नीट वाच. आपल्याकडे मचवा खाडीच्या तोंडाशी रेतीत बसला, की तांडेल काय करतो? माल पाण्यात टाकायला लावतो. मचवा हलका झाला की उठतो. यांचा जन्म त्यात गेलेला. यांनी टाकीचा कॉक उघडला. थोडं सोडू, गाडी हलकी होईल, उरलेलं घेऊन जाऊ, असा हिशोब. पण खाली समुद्र थोडाच होता. सोडलेलं पाणी चाकांखालीच मुरलं, पापुद्रा विरघळला, आणि टँकर आणखी खाली गेला. घाबरून कॉक बंद केला तेव्हा अर्धी टाकी शिल्लक होती. गाडीत वायरलेस नव्हता. हे तिथेच सावलीला बसून राहिले.

तळावर पाणी संपत आलं. मागच्या तळाने वायरलेसवर कळवलं, टँकर कधीच निघालाय. आजोबा म्हणाले, माझा मेहुणा आहे, वाट चुकला असेल, मी बघून येतो. लोकांनी अडवलं. तरी एक बाटली घेऊन पायीच निघाले. त्यांना वाटलं असेल, टेकाडापलीकडेच भेटेल.

शोधायला निघालेल्या गाडीला आधी हे सापडले. यांना घेऊन ती तळाकडे निघाली, तर वाटेत आजोबा पडलेले. बाटली कोरडी. टँकरपासून फार लांब नव्हते गं ते. तिथेच चार माणसांनी नमाज पढून मातीत ठेवलं. यांनी स्वतःच्या हातांनी.

कंपनीच्या माणसाने यांना बजावलं होतं, घरी सांग इंजिन बंद पडलं. यांना ते जमलं नाही. भर दुपारी दारातच उभं राहून यांनी बहिणीला सगळं सांगितलं. मी तिला धरायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला.

"टाकीत पाणी उरलं होतं?" तिने विचारलं.

"अर्धी टाकी."

ती म्हणाली, "भाई, पाणी म्हणजे माल नव्हता."

त्यानंतर ती भावाशी बोलली नाही. घर एकच, चूल एकच. त्यांचं ताट वाढायची, ताप आला तर पेज करायची, पण बोलायचं ते माझ्यामार्फत. तुझ्या बापाला यांनी खांद्यावर वाढवला. त्याला एवढंच सांगितलेलं, तुझे वडील ऊन लागून गेले. टँकर सोडून हे खाडीवर मालाच्या गोदामात लागले. आजारपणात शेवटी यांची नजर दाराकडे असायची. ती यायची, पायाशी बसायची. तोंड उघडलं नाही तिने.

आणि तेल? तिथे निघालंच नाही. गोरे कागद गुंडाळून गेले, खलास. आता तुझ्या ऑफिसात तोच भाग पुन्हा उघडलाय म्हणतेस. उघडा बाबांनो.

पण मी लिहितेय ते त्यासाठी नाही. दादी हल्ली दुपारी मला विचारते, "भाई तिथे एकटा बसला होता, तो टाकीतलं पाणी तरी प्यायला असेल ना?" इतक्या वर्षांनी. मला रडू येतं, आणि मी रडले की ती विषय सोडून माझेच डोळे पुसायला लागते. तू समोर बसलीस तर बोलेल. तिची तब्येत आता भरवशाची नाही. तुझ्या अल रीमहून आमचं अल नहदा काही परदेश नाही. इन्शाल्ला म्हणून टाळू नकोस, या शनिवारीच ये.